दिवा वाढव

६ तारीख, सोमवार

आज मायक्रोस्कोपचा दिवा गेला. मी बघत असताना गेला. मी काही केलं नव्हतं. पण हे वाक्य लिहितानाही माझीच मला शंका येते आहे.

झालं ते क्रमाने लिहिते. आमची लॅब म्हणजे दोन खोल्या. बाहेर काउंटर आणि बाकडी, आत आम्ही. आम्ही म्हणजे मोठ्या बाई आणि मी. स्लाइड मी रंगवते, बघतात बाई, सहीही बाईंची. डॉक्टर संध्याकाळी येतात आणि उभ्याउभ्या सगळ्या रिपोर्टांवर आपली सही मारून जातात. बाईंचं बघून झालं की त्या खुर्ची सोडतात आणि मला म्हणतात, "आता तू बघ, आणि काय दिसतं ते सांग." हे रोजचं आहे. मी अजून कच्ची, सहा महिन्यांसाठी घेतलेली, म्हणून ही रोजची परीक्षा. उत्तर बरोबर आलं तरी बाई काही बोलत नाहीत, चुकलं तरी नाही. ऐकतात आणि सही करतात. त्यामुळे मी पास होते आहे की नापास, हे मला आजवर कळलेलं नाही.

आज शिंपीण मावशींच्या थुंकीची स्लाइड होती. खोकला जात नाही म्हणून आल्या होत्या. बाईंनी बघितलं, म्हणाल्या, "काही नाही," आणि घाई होती म्हणून सही करून टाकली. मग मी बसले. निळ्या पार्श्वभूमीवर एका कोपऱ्यात मला एक लाल काडी दिसली. बारीक, किंचित वाकडी, क्षयाचा जंतू असतो तशी. मी श्वास रोखून फोकस फिरवायला गेले आणि सगळं काळं झालं. पहिल्या क्षणी वाटलं, माझे डोळेच गेले.

बाई मागून म्हणाल्या, "काय गं, वाढवलास दिवा?"

या चेष्टेला इतिहास आहे. पहिल्याच दिवशी बाईंनी मला सांगितलं होतं, "दिवा वाढव," आणि मी बटण दाबून दिवा बंद केला होता. आमच्या घरात विझला, फुटला, तुटला असले शब्द तोंडातून काढत नाहीत. बांगडी वाढवली म्हणतात, तसाच दिवाही वाढवायचा. कप हातातून पडून ठिकऱ्या झाल्या तरी आई म्हणते, "वाढवला गं बाई." बाईंना उजेड जास्त हवा होता, मला वाटलं, काम संपलं, बंद कर म्हणताहेत. काउंटरवर बसतो त्याला सगळे घंटी म्हणतात, कारण पेशंटला हाक मारायची सोडून तो टेबलावरची घंटी बडवतो. त्याने ते ऐकलं आणि तेव्हापासून रोज विचारतो, "ताई, आज किती दिवे वाढवले?"

कपाटात एक नवीन दिवा होता, करंगळीच्या पेरापेक्षा लहान, दोन तारांचे पाय असलेला. बाई म्हणाल्या, "बसव."

"मी?"

"नाही, मिरवणूक बोलावते त्याच्यासाठी."

प्लग काढला. बुडाशी झाकण असतं, त्याचा स्क्रू सोडवला. जुना दिवा अजून गरम होता, चटका बसला. नवा बोटात धरून दाबून बसवला. लागला! बाईंनी लगेच नॉब शेवटपर्यंत फिरवला. त्या नेहमी पूर्ण उजेड ठेवतात, माझ्या डोळ्यांतून पाणी येतं.

पण ती काडी मला परत सापडली नाही. एवढ्या मोठ्या भिंगाखाली स्लाइडवरची एक जागा पुन्हा शोधायची म्हणजे राशीत पडलेला तीळ शोधायचा. बाहेर पेशंट वाढले होते.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"आधी काहीतरी लाल होतं, बहुतेक."

"बहुतेक असा रिपोर्ट नसतो."

खरं आहे. रिपोर्ट "काही नाही" असाच गेला. स्लाइड मी पेटीत ठेवली. सगळ्याच ठेवतो, पण ही कडेच्या खाचेत ठेवली.

घरी सांगितलं. आई इस्त्री करत होती. म्हणाली, "आमच्यात शाळेत गेलेली तू पहिली. एवढी शिकलीस ती दिवा बदलायला? तो तर मीही बदलते, स्टुलावर चढून."

९ तारीख, गुरुवार

दिवा पुन्हा गेला. टक्‌ असा आवाज आला आणि संपलं.

मी झाकण उघडलं. काचेला एका बाजूला पांढुरका फुगवटा आला होता आणि त्यात काळपट रेषा. मी खिडकीपाशी नेऊन बघितलं. रेषा गोल गोल होत्या. माझ्या बोटाचा ठसा. सोमवारी माझ्या बोटाला मोठ्या भिंगासाठी स्लाइडवर टाकतात ते तेल लागलेलं होतं आणि मी त्याच बोटाने दिवा धरला होता.

मी बाईंपुढे जाऊन सांगितलं, "माझ्यामुळे गेला. हे बघा, माझं बोट आहे."

बाईंनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला, जवळ नेला, लांब नेला. मग हसल्या. "सही केलीस की दिव्यावर! आधी रिपोर्टवर करायला शीक."

मग म्हणाल्या, की ही काच इतकी तापते की बोटाचं तेल तिथे जळतं आणि काच जाते. तो कागदात धरायचा असतो. मी मनात म्हटलं, हे सोमवारी सांगायला काय झालं होतं? माझा चेहरा बोलला असावा. "डब्यावर लिहिलंय की," बाई म्हणाल्या. डबा उचलून थोडा वेळ बघितला आणि माझ्याकडे दिला. "वाच. मोठ्याने वाच, म्हणजे लक्षात राहील."

मी मोठ्याने वाचलं. शाळेत अंगठे धरून उभं राहिल्यासारखं वाटलं. पण लक्षात राहील हे खरं.

कपाटात आता दिवा नाही. घंटीला नमुना देऊन बाजारात पाठवलं.

१० तारीख, शुक्रवार

घंटीने दिवा आणला. आकार तोच, पाय तेच. मी कागदात धरून बसवला, श्वाससुद्धा त्याच्यावर पडू दिला नाही. लागला, पण पिवळा. बुडाशी चहा ओतून ठेवल्यासारखा.

"पिवळा आहे गं," बाई म्हणाल्या.

"हो, मलाही पिवळाच दिसतोय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, खूश झाल्या. "तुलाही दिसतोय ना? मग दिवाच वाईट," म्हणाल्या, आणि दिवसभर बऱ्या मूडमध्ये होत्या. दिवा वाईट निघाल्याचा आनंद झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

संध्याकाळी मात्र माझे तीन रिपोर्ट परत केले. अक्षर किडामुंगीसारखं आहे, म्हणाल्या. जाड पेनने, मोठं लिही. माझं अक्षर शाळेत नेहमी फळ्याशेजारी लावायचे. पण बाई म्हणतात तर बिघडलं असेल.

१४ तारीख, मंगळवार

शिंपीण मावशी परत आल्या. खोकला तसाच. ओढणीचा बोळा तोंडावर धरून बसल्या होत्या, तरी डोळे माझ्या कोटावर.

"पोरी, हा कोट तुझा की तुझ्या थोरल्या भावाचा?"

"मिळाला तो घातला, मावशी."

"बाही औषधात बुडतेय तुझी. काढ. तासाभरात आणून देते."

मी नको नको म्हणत असताना त्यांनी तो काढूनही घेतला. खरंच दुपारी आणून दिला. बाह्या मनगटाला बरोबर, टाका दिसतसुद्धा नाही. त्यांना विचारलं, घरी कोण कोण? "मी आणि नात. एका खोलीत मशीन, चूल आणि आम्ही. ती माझ्या कुशीतच झोपते, लाथा मारते मेली."

मी कोट उन्हात टाकला. मावशींचा खोकला आठवून टाकला. मग वाटलं, त्यांनी बघितलं तर? लगेच आत आणला. मग पुन्हा बाहेर टाकला. माझ्यासारखी मूर्ख मीच.

त्यांची दुसरी स्लाइड त्या चहासारख्या उजेडात बघायची होती. मी बाईंना म्हटलं, "दिवा नीट होईपर्यंत खोकल्याच्या स्लाइड थांबवू या का?"

"खोकला थांबतो का?"

"पण लाल आणि निळं वेगळंच दिसत नाहीये."

"मला वीस वर्षं दिसतंय," बाई तोडून म्हणाल्या. इतक्या तोडून की घंटीही आत डोकावला. मग बघायला बसल्या. खूप वेळ बसल्या. "काही नाही. तू बघ आणि सांग."

मी बघितलं. सगळं एकाच रंगाचं. "काही दिसत नाही," मी म्हटलं. "दिसत नाही" आणि "नाही" यात फरक आहे, हे मला म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. बाईंनी सही केली.

१५ तारीख, बुधवार

दिसत नाही आणि नाही. सकाळपासून डोक्यात हेच.

दुपारी दिवा थंड करून काढला, कागदात धरून खिडकीपाशी नेला आणि जुन्या गेलेल्या दिव्याशेजारी ठेवला. पायांच्या वर काचेत आकडे कोरलेले असतात, मुंगीच्या पायाएवढे. जुन्यावर ६. नव्यावर १२. बारा व्होल्टचा दिवा सहावर चालवला तर तो अर्धपोटीच जळणार. पिवळा होणारच.

घंटी चिडला. "नमुना दाखवून आणलाय. दुकानदार म्हणाला जुळा भाऊ आहे!"

"जुळाच आहे. पण याची भूक दुप्पट आहे."

"ताई, तुमच्यासाठी दिवा आणायचा म्हणजे पत्रिका जुळवून आणायचा."

बाईंना आकडा दाखवला. त्यांनी बघितलंही नाही, मान हलवली. "तू वाचलंस ना? मग झालं." त्यांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला, हे मला बरं वाटलं. उद्या अर्धी रजा घेऊन मी स्वतः जाणार. मावशींच्या दोन्ही स्लाइड पेटीत आहेत. चांगल्या उजेडात त्या मी पुन्हा बघणार, मग बाई रागावल्या तर रागावोत.

१६ तारीख, गुरुवार

दिवा मिळाला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिन्याखालच्या दुकानात, जिथे फक्त डॉक्टरी यंत्रांचे सुटे भाग विकतात. दोन बस आणि बरंच चालणं. दुकानातल्या म्हाताऱ्याने माझ्या कापसातला गेलेला दिवा बघितला, त्यावरचा ठसा बघितला आणि म्हणाला, "हे तुझं काम?"

"हो."

"लपवत नाहीस. बरं आहे. आता हात लावू नकोस."

"माहीत आहे. ते शिकूनच आलेय."

मी आकडा दोनदा वाचला. त्याला वाचायला लावला. शेजारच्या गिऱ्हाईकाला वाचायला लावणार होते, पण म्हाताऱ्याने डबी माझ्या हातात कोंबून मला बाहेर घालवलं.

१७ तारीख, शुक्रवार

सकाळी लवकर जाऊन बसवला. चिमट्याला कागद गुंडाळून. झाकण लावलं, प्लग लावला, नॉब अगदी थोडा फिरवला.

पांढरा! मी नुसती रिकामी काच लावून बघत बसले. इतका स्वच्छ की त्यात काही बघायची गरजच वाटेना.

बाई आल्या. बसल्या. नॉब शेवटपर्यंत. "पिवळाच आहे गं."

मला वाटलं, चेष्टा. पण बाई हसत नव्हत्या.

मी सगळं परत उघडलं. आकडा वाचला: सहा. खालची भिंगं पुसली, निळी काच पुसली. पुन्हा लावलं. बाई बसल्या. "पिवळा. धुकं आहे." मी वरची भिंगं पुसली. "अजून आहे." मी आरसा, प्लग, वायर, जे पुसता येईल ते पुसलं. मीच काहीतरी चुकवलं आहे आणि मला ते दिसत नाही, याच्याइतकं वाईट मला काही वाटत नाही.

बाई जेवायला गेल्यावर घंटीला आत ओढला. "बघ आणि सांग कुठला रंग दिसतो. मी काय म्हणते ते विसर."

त्याने डोळा लावला आणि मागे उडाला. "अहो, डोळा फोडता का? पांढरा! ट्यूबलाइटच्या बापाचा पांढरा!"

म्हणजे दिवा बरोबर. म्हणजे बाई मुद्दाम म्हणत होत्या.

आणि मग माझ्या लक्षात आलं. ही परीक्षाच आहे! रोजच्यासारखी, पण मोठी. मी माझ्या कामावर ठाम राहते का, की त्या म्हणतील त्याला मान डोलावते, हे बाई बघताहेत. सहा महिने संपत आले आहेत. असंच असणार.

मी मावशींची पहिली स्लाइड काढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही जागा न सोडता गेले. पहिल्या ओळीत काही नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी माझी काडी होती. लाल, बारीक, किंचित वाकडी. पुढे आणखी. एका ठिकाणी चारपाच एकत्र, सांडलेल्या टाचण्यांसारख्या. दुसऱ्या स्लाइडमध्ये तर शोधावंही लागलं नाही.

सापडल्याचा आनंद झाला. मग ती नात आठवली, कुशीत लाथा मारणारी, आणि आनंदाची लाज वाटली.

उद्या सांगायचं. बहुतेक न म्हणता.

१८ तारीख, शनिवार

सांगितलं.

मी दुसरी स्लाइड लावून ठेवली होती, काड्या अगदी मधोमध. "बाई, शिंपीण मावशींच्या दोन्हींत आहेत."

बाई बसल्या. नॉब शेवटपर्यंत. चष्मा काढला, घातला. फोकस पुढे, मागे. बाहेर घंटीने दोनदा घंटी वाजवली, तरी त्या हलल्या नाहीत.

"मला दिसत नाही," म्हणाल्या.

मला हे अपेक्षितच होतं. मी म्हटलं, "आहेत."

"मी वीस वर्षं बघतेय. मी म्हणते, नाहीत."

"तुम्हाला दिसत नाहीत. पण आहेत."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला वाटलं, नोकरी गेली. बाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. थकलेलं माणूस जिन्याची पुढची पायरी बघतं, तसं.

"सही करशील? तुझी?"

"करते."

"चुकीची निघाली तर?"

"तर माझी चूक. पण दिवा बरोबर आहे, रंग बरोबर आहे आणि मी दोनदा बघितलंय."

"कर मग," बाई म्हणाल्या, आणि आपलं पेन माझ्यापुढे सरकवलं. मी जाड, मोठ्या अक्षरात लिहिलं. आहेत. खाली माझं पूर्ण नाव. डॉक्टरांनी संध्याकाळी नवी सही बघून भुवई उचलली, बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. जुने दोन रिपोर्ट रद्द करा. तिचंच घ्या."

पास झाले! सहा महिन्यांत पहिल्यांदा कळलं की पास झाले.

निघताना बाई जिन्यापाशी थांबल्या. माझा दंड धरून उतरल्या, म्हणजे आता आमचं चांगलं जमलं. म्हणाल्या, "दिवा तू छान बसवलास. माझाच वाढवायची वेळ आली."

"घरचाही गेला का?" मी विचारलं. "मी येऊन बदलून देते ना!"

बाई हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसले. "तो तुझ्याच्यानं नाही बदलायचा गं."

उंचावर असेल. आईचं स्टूल नेता येईल, सोमवारी पुन्हा विचारीन.

२० तारीख, सोमवार

मावशींना बोलावून सांगितलं. डॉक्टर गोळ्यांचं समजावतील, पण आधीचे रिपोर्ट चुकले हे मीच सांगायचं ठरवलं होतं. बाईंनी सुटी घेतली आहे, त्यामुळे आत मी एकटीच होते.

"दोनदा 'काही नाही' म्हणालात," मावशी म्हणाल्या.

"हो. चुकलं."

"कुणाचं?"

दिव्याचं, असं जिभेवर आलं होतं. "आमचं," मी म्हटलं.

मावशींनी ओढणीचा बोळा हातात फिरवला. मग विचारलं, "आणि पोरगी?"

"तिलाही आजच आणा. तपासायचं आणि तिलाही औषध चालू करायचं. आत्ताच घेऊन या, मी थांबते."

"चांगलं घट्ट शिवलेलं उसवायला लावलंत तुम्ही," त्या उठत म्हणाल्या. "चला. उसवलं की नीट शिवता येतं." दारातून वळल्या. "कोटाच्या बाह्या बऱ्या बसल्या."

नातीला घेऊन आल्या. छाती स्वच्छ आहे, पण गोळ्या तिलाही. तिने घंटी एवढ्यांदा वाजवली की घंटीने ती लपवून ठेवली.

२३ तारीख, गुरुवार

बाई आजही नाहीत. घंटीला विचारलं, "बाईंच्या घरी कुणी आजारी आहे का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, तुम्ही आत बसून काय करता? बाई डोळ्यांच्या दवाखान्यात आहेत. मोतीबिंदू. दोन्ही पिकलेत. या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. वर्षभर टाळत होत्या. मागल्या महिन्यापासून मीच रस्ता ओलांडून देतो की त्यांना!"

मी आत आले आणि बाईंच्या खुर्चीत बसले. हा नॉब बाई नेहमी शेवटपर्यंत फिरवायच्या. शुक्रवारी मी कमी ठेवला होता, तर बाईंनी बसल्या बसल्या पुन्हा वाढवला होता.

डबा मोठ्याने वाच. जाड पेनने लिही. पिवळा आहे गं. तुलाही दिसतोय ना?

मी रोज परीक्षा देत होते आणि समोर परीक्षक नव्हताच. "तू बघ आणि सांग" म्हणजे खरंच तू बघ आणि सांग.

शनिवारची माझी हिंमतही खोटी निघाली. बाईंना उत्तर माहीत आहे आणि त्या मला जोखताहेत असं धरून मी ठाम राहिले होते. त्यांना खरंच दिसत नाही हे माहीत असतं, तर राहिले असते का? माहीत नाही. बहुतेक. बहुतेक असा रिपोर्ट नसतो.

आणि त्याहून वाईट हे, की मी शिकाऊ म्हणून जी उत्तरं देत होते, कधी घाईत, कधी भीत, बाईंना बरोबर काय ते ठाऊकच आहे अशा भरवशावर, तीच रिपोर्ट म्हणून जात होती. वर्षभर बाईंना नीट दिसत नव्हतं. त्यातलं अर्धं वर्ष त्यांच्या जागी मी बघत होते आणि मला ते माहीत नव्हतं.

पेट्या कपाटात आहेत. वर्षभराच्या.

आईला सांगितलं. तिने इस्त्री उभी केली. "मग आता काय करणार?"

"सगळ्या पुन्हा बघणार."

"रागाने?"

"नाही. दिवा आहे म्हणून."

२४ तारीख, शुक्रवार

डॉक्टरांना सांगितलं. बाईंच्या मागे सांगायचं नव्हतं, म्हणून आधी त्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मीच कालपासून शब्द जुळवत होते. सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती, एवढंच कारण होतं. दुसरं मोठं काही नव्हतं. तू सांग. मी सांगायला लावलं म्हण."

"तसं नाही म्हणणार. तुम्ही लावलं नाहीत."

"हो गं बाई, तू नाहीच म्हणणार," बाई म्हणाल्या.

डॉक्टर आधी लाल झाले, मग पांढरे. रोज उभ्याउभ्या मारलेल्या सह्या त्यांनाही आठवल्या असाव्यात. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, खोकल्याच्या स्लाइड आधी. शंका आली त्या माणसाला त्याच दिवशी बोलवायचं. रोजचं काम संपल्यावर, पण रोज.

सुरुवात केली. पहिल्या पेटीत संशय घ्यावा असं काही नाही. दुसऱ्या पेटीत एक सापडली. माझ्याच वेळची. मी तेव्हा काय उत्तर दिलं होतं, ते आठवत नाही. घंटी पत्ता घेऊन स्वतः गेला आणि त्या माणसाला सायकलवर डबलसीट घेऊन आला.

१९ तारीख, बुधवार

जवळजवळ महिन्याने लिहिते आहे. पेट्यांमुळे वेळ झाला नाही. मध्ये आणखी एक स्लाइड सापडली होती, तो पेशंटही आला, गोळ्या चालू आहेत. मावशींचा खोकला उतरला. आता आल्या की माझ्या कोटाला आईने केलेल्या इस्त्रीतल्या चुका काढतात.

आज बाई आल्या. काळा चष्मा लावून, घंटीचा हात न धरता. डॉक्टरांनी त्यांना परत घ्यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. बाई म्हणाल्या, "ठरवू देत. मी पगारावर नाही आले. पेट्या किती राहिल्या?"

"निम्म्या."

काळा चष्मा काढून त्या खुर्चीत बसल्या. मी स्लाइड लावली. सवयीने त्यांच्यासाठी नॉब शेवटपर्यंत फिरवला. बाईंनी डोळा लावला आणि झटकन मागे घेतला.

"अगं, वाढव, वाढव!"

मी बघतच राहिले. नॉब संपला होता.

"तुमच्या घरातला वाढव गं! डोळ्यात जातोय."

मी कमी केला. निम्म्याच्याही खाली. बाईंनी पुन्हा डोळा लावला. फोकस थोडा पुढे, थोडा मागे केला. मग हळूच म्हणाल्या, "हा निळा असा असतो होय."

त्यांना एक एक जागा सरकवत जाताना ऐकत राहिले. चाकाचा बारीक किरकिर आवाज येतो. बाई घाई करत नव्हत्या. शेवटाला पोचल्यावर खुर्ची सोडून उठल्या.

"काही नाही," म्हणाल्या. "आता तू बघ आणि सांग."

मी बसले. पहिल्या टोकापासून सुरुवात केली. सगळ्या जागा बघितल्या.

"नाही," मी म्हटलं. "दिसत नाही असं नाही. नाही."

बाईंनी पुढची स्लाइड काढून दिली.